मातीची भुलाबाई

गणपती गेले, अनंत चतुर्दशी झाली, की दुसऱ्या दिवशी भादव्याची पुनव. त्या दिवशी आपल्या विदर्भात घरोघरी भुलाबाई बसते. भुलाबाई म्हणजे पार्वती. तिच्या शेजारी भुलोजी, म्हणजे शंकर. बहुधा जवळ बाळ गणपतीही असतो. अंगावर भडक रंगांचे कपडे, तिच्या नाकात नथ, त्याच्या डोक्यावर पागोटे. उंची म्हणाल तर वीतभर, फार तर हातभर. अशी ही मातीची जोडी महिनाभर घरात राहते. संध्याकाळी आळीतल्या पोरी जमतात. टाळ्या नाही तर टिपऱ्या वाजवीत गाणी म्हणतात. मग खिरापत. डबा हलवायचा, आवाज ऐकायचा आणि आत काय आहे ते ओळखायचे. ओळखता आले नाही तर घरची बाई जिंकली! कोजागरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात, त्यात भुलाबाई बसवतात, आणि महिन्याचा खेळ संपतो. खानदेशात हिलाच गुलाबाई म्हणतात.

हे सगळे तुम्हाला ठाऊक आहे. बायांना तर आमच्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. पण ही भुलाबाई घडवतो कोण? तिला किती दिवस लागतात? आणि बाजारात तिच्याच शेजारी दुसरी एक चकचकीत, स्वस्त भुलाबाई मांडलेली असते, ती कशाची? हे फार जणांना ठाऊक नसते. ते आज पाहू.

नागपूर शहरात महाल नावाचा जुना भाग आहे. भोसले राजांचे वाडे याच भागात. या महालात एक गल्ली आहे, तिचे नाव चितार ओळ. चितारी म्हणजे चित्रे काढणारा, रंगवणारा. ओळ म्हणजे घरांची रांग. कुंभारांचा जसा कुंभारवाडा, तशी चितारी लोकांची ही चितार ओळ. भोसल्यांच्या काळी वाड्यांच्या आणि देवळांच्या भिंती रंगवायला चितारी लागत. १८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले. पुढच्याच वर्षी इंग्रजांनी नागपूरचे राज्य खालसा केले. राजाचा आश्रय गेला. पण सणवार काही खालसा झाले नाहीत! लोकांना देव हवेच होते. आज चितार ओळ म्हटले की नागपूरकराच्या डोळ्यांपुढे भिंतीवरचे चित्र येत नाही, मातीची मूर्ती येते. तिकडे कोकणात सावंतवाडीलाही चितार आळी आहे. तिथे लाकडाची खेळणी आणि लाकडाची फळे मिळतात. आळी म्हणा की ओळ म्हणा, नाव एकच. माल तेवढा वेगळा.

या ओळीतल्या माणसांचे वर्ष कसे चालते ते पाहा. श्रावणाच्या अवसेला पोळा. दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. मारबत हीसुद्धा एक बाहुलीच, पण केवढी! बांबूच्या कमच्यांचा सांगाडा, त्यावर कागद, कापड आणि रंग. काळी मारबत १८८१ पासून निघते आणि पिवळी १८८५ पासून, असे सांगतात. रोगराई घेऊन जा, म्हणून लोक ओरडतात आणि शेवटी तिला जाळून टाकतात. तिच्याबरोबर बडगे निघतात, त्यांत त्या त्या वर्षीच्या महागाईची, लाचखाऊ माणसांची टिंगल असते. मारबतीनंतर तीन दिवसांनी गणपती. गणपती उठले की भुलाबाई. पितृपक्षात हाडपक्या गणपती, तो तर नागपूरचाच. मग नवरात्रातली देवी. मग दिवाळीची लक्ष्मी. सगळे एकापाठोपाठ एक. श्रावण ते आश्विन हे तीन महिने म्हणजे या लोकांची सुगी. शेतकऱ्याची सुगी पाऊस सरल्यावर येते. यांची सुगी भर पावसात येते, आणि माती वाळवायची असते! यातली अडचण पुढे सांगतो.

आता माती.

तुम्ही म्हणाल, माती काय, कुठेही मिळते. आपल्याकडे तर काळी माती ढीगभर. पण काळ्या मातीची भुलाबाई करून पाहा. चार दिवसांत तिच्या छातीवर भेग पडेल, आठ दिवसांत हात गळून पडेल. असे का होते? उन्हाळ्यात आपल्या कपाशीच्या शेतात भेगा पडतात, पाय अडकावा एवढ्या. पाऊस पडला की त्याच भेगा मिटतात. कारण काळी माती पाणी पिऊन फुगते आणि पाणी गेले की आकसते. शेताला हा गुण चांगला. ती ओल धरून ठेवते आणि कोरडवाहू पीक तगते. पण मूर्तीला हाच गुण अवगुण ठरतो. मूर्तीला हवी चिकण माती. हातात लोण्यासारखी मऊ, पण वाळताना फार न आकसणारी. ती तळ्याच्या तळाशी, नदीच्या काठाला, नाही तर भाताच्या खाचरांच्या मुलुखात सापडते. नागपूरचे मूर्तिकार शेजारच्या भंडारा जिल्ह्याकडून माती आणतात. म्हणजे ट्रकचे भाडे आले. फुकटची माती अशी फुकट राहत नाही.

आणलेली माती लगेच वापरत नाहीत. आधी ती उन्हात वाळवतात. मोगरीने कुटतात. चाळणीने चाळून खडे, मुळ्या, शिंपल्यांचे तुकडे काढतात. मग टाक्यात नाही तर हौदात भिजत घालतात. एखादा खडा राहिला तर काय होते? माती वाळताना आकसते, खडा आकसत नाही. मग त्याच्याभोवती बारीक तडा जातो, आणि तो नेमका भुलाबाईच्या गालावर येतो. भिजलेली माती पायांनी तुडवतात, हातांनी मळतात. भाकरीचे पीठ मळावे तशी, पण त्याहून जास्त जोर लावून. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. मळताना तिच्यात कापूस पिंजून घालतात. कुणी तागाचे धागे घालतात, कुणी कागदाचा लगदा घालतात. मातीच्या भिंतीत आपण भुसा का घालतो? त्याच कारणासाठी. धागा मातीला आतून धरून ठेवतो, भेग पडू देत नाही.

माती बरोबर झाली की नाही याची एक सोपी कसोटी आहे. करंगळीएवढी जाड वळी करावी आणि ती बोटाभोवती गुंडाळावी. तडे गेले तर माती कोरडी आहे, नाही तर तिच्यात रेती जास्त आहे. हाताला चिकटली तर पाणी जास्त. न चिकटता, न तडकता वळली, तर हात घालायला हरकत नाही. दुसरी कसोटी आकसण्याची. मातीची पट्टी करा, तिच्यावर १० सेंटिमीटरची रेघ ओढा आणि पट्टी सावलीत वाळू द्या. वाळल्यावर रेघ पुन्हा मोजा. साडेनऊच्या आसपास भरली तर उत्तम. नऊच्या खाली गेली तर ती माती एकटी चालायची नाही, तिच्यात बारीक रेती मिसळावी लागेल. जाणत्या कारागिराला मोजपट्टी लागत नाही. तो चिमूटभर माती दोन बोटांत घासतो आणि सांगतो. नवख्याने मात्र मोजावे.

मग घडवणे सुरू होते. मोठी मूर्ती असली तर आधी लाकडाचा सांगाडा उभा करतात, त्यावर धानाचे तणस सुतळीने करकचून बांधतात आणि त्यावर मातीचे थर चढवतात. भुलाबाई लहान. तिला सांगाडा लागत नाही. पाटाएवढा मातीचा जाड थर, त्यावर धडाचा गोळा, मांड्यांच्या दोन वळ्या, खांद्याच्या दोन वळ्या. ओल्या मातीला ओली माती नुसती टेकवून भागत नाही. दोन्ही बाजूंना बांबूच्या कोरणीने चरे पाडावे लागतात आणि मधे ताकासारखी पातळ केलेली माती लावावी लागते. मग दोन्ही एकजीव होतात. हा चरे पाडण्याचा कंटाळा केला तर वाळल्यावर हात जसाच्या तसा निखळून येतो. नथ टोचायला, पागोट्याचा तुरा उभा धरायला बारीक तार घालतात.

आता साच्याची गोष्ट. हाताची मूर्ती म्हणजे साचा अजिबात नाही, असे बऱ्याच जणांना वाटते. तसे नसते. सुगीत शेकडो भुलाबाया करायच्या, तर चेहरा साच्यात दाबून काढतात. मूळ चेहरा कुणा जुन्या हाताने घडवलेला असतो; त्याचा उलटा ठसा म्हणजे साचा. साच्यात माती अंगठ्याने दाबून बसवायची, थोडा वेळ ठेवायची आणि अलगद सोडवायची. पण साच्यातून आलेला चेहरा झोपलेल्या माणसासारखा दिसतो. नाकपुडी, ओठाचा कोपरा, पापणीची कड हे सगळे मागून कोरणीने जागे करावे लागते. धड, हात, लुगड्याच्या निऱ्या तर हातानेच. म्हणून एका घरच्या दोन भुलाबाया सख्ख्या बहिणींसारख्या असतात, पण जुळ्या नसतात. साचा वापरला म्हणून कारागिराला कमी लेखू नये, असे आम्हाला वाटते. पाळी हातात असली म्हणून भाकरी आपोआप उलटत नाही.

चेहऱ्याचे एक गणित आहे, तेही सांगून टाकतो. कपाळावर केस जिथे सुरू होतात तिथून भुवईपर्यंत एक भाग, भुवईपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत दुसरा, नाकाच्या शेंड्यापासून हनुवटीपर्यंत तिसरा. तिन्ही सारखे. आरशात आपल्याच चेहऱ्यावर बोटे ठेवून पाहा, जवळजवळ तसेच भरेल. शिकाऊ पोरगा नाक लांब करतो नाही तर हनुवटी बुडवतो. मग म्हातारा कारागीर काही बोलत नाही. चेहरा उचलतो, चेपतो, पुन्हा गोळा करतो आणि पोराच्या हातात देतो.

मूर्ती घडली की ती वाळवायची. यात खरी परीक्षा. उन्हात ठेवली तर वरचा थर आधी वाळून आकसतो, आतला ओलाच राहतो, आणि मूर्ती फाटते. म्हणून सावलीत, वाऱ्याच्या झोतापासून दूर, हळूहळू वाळवतात. जाड भाग असला तर बुडाकडून माती कोरून तो पोकळ करतात, म्हणजे सगळीकडे जाडी सारखी राहते. एरवी आठ दिवसांत वाळणारी मूर्ती श्रावणभादव्यात पंधरा दिवस घेते. हवाच ओली, वाळणार कशी? झड लागली तर घरात जागा पुरत नाही. खाटेखाली मूर्ती, माळ्यावर मूर्ती, चुलीच्या उबेला मूर्ती. माणसे निजतात कुठे, विचारू नका. छप्पर एका रात्री गळले तर महिन्याची मेहनत चिखल होते. ही कच्ची माती, भाजलेली नव्हे. मडके भट्टीत भाजले की पाण्याने विरघळत नाही. भुलाबाई भाजत नाहीत, कारण तिला शेवटी पाण्यात जायचे असते.

कच्च्या मातीची मूर्ती टिकत नाही म्हणतात. पण पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनी १९६८ ते १९८३ पर्यंत उकरून पाहिले. जमिनीखाली फार जुन्या शेतकऱ्यांची वस्ती निघाली. तिथल्या एका घराच्या जमिनीत मातीची पेटी पुरलेली सापडली. पेटीत होती मातीची एक बाई, तिला डोके नाही. पेटीच्या झाकणावर दुसरी मातीची बाई, हिला डोके आहे. आणि सोबत मातीचा बैल. बिनडोक्याच्या बाईच्या पोटाला भोक आणि बैलाच्या पाठीला भोक. काडी घालून तिला बैलावर बसवता येई. या बाया कच्च्या मातीच्या! आणि वय सुमारे ३३०० वर्षे. बाई आणि बैल. आपणही पोळ्याला बैल पुजतो आणि पुनवेला भुलाबाई बसवतो. त्या बाईची हीच नात, असे म्हणण्याला पुरावा नाही. विद्वानही तसे म्हणत नाहीत. पण मातीत हात घालून बाई आणि बैल घडवणारे शेतकरी या महाराष्ट्रात तेव्हाही होते, एवढे मात्र पक्के.

असो. मूर्ती वाळली. आता रंग.

वाळलेल्या मूर्तीवर आधी पांढऱ्या खडूचा हात देतात. खडू डिंकाच्या पाण्यात कालवलेला असतो. त्याने बारीक भोके बुजतात आणि वरचा रंग उठून दिसतो. पूर्वी रंग मातीचे आणि दगडाचे असत. गेरूचा तांबडा, पिवळ्या मातीचा पिवळा, दिव्याच्या काजळीचा काळा, निळीचा निळा. बांधायला बाभळीचा डिंक नाही तर चिंचोक्याची खळ. जुने रंग सगळेच निर्मळ होते असे मात्र समजू नका. हिंगूळ हा लाल रंग पाऱ्याचा आणि हरताळ हा पिवळा रंग सोमलाचा, दोन्ही विषारी. आज बहुतेक जण डब्यातले तयार रंग वापरतात. त्यांतले पाण्यात कालवायचे रंग त्यातल्या त्यात बरे. तेलाचे चकचकीत रंग मूर्तीला प्लास्टिकच्या कातडीसारखे झाकून टाकतात, आणि माती पाण्यात विरघळायलाही वेळ लागतो.

अंगाचा रंग आधी, मग लुगडे, मग काठ, मग दागिने. हे काम घरातल्या बाया आणि पोरी करतात. गणपतीच्या सुगीत रात्रीचे दोन वाजले तरी दिवा जळत असतो. मूर्तिकार म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पुरुष येतो. पण माती मळण्यात, साचे भरण्यात, खडू लावण्यात, काठ रंगवण्यात निम्मे हात बायांचे असतात आणि त्यांचे नाव कुणी घेत नाही. डोळे सगळ्यात शेवटी काढतात. ते काम घरातला सगळ्यात सरावलेला हात करतो. श्वास रोखून, एका दमात, बारीक कुंचल्याने. बाहुली केसभर सरकली तर भुलाबाई तिरळी दिसते. मग तेवढे पुसून, पुन्हा पांढरा देऊन, पुन्हा काढायचे.

आता त्या दुसऱ्या, स्वस्त भुलाबाईकडे येऊ. ती प्लास्टर ऑफ पॅरिसची असते. बोलताना लोक तिला पीओपी म्हणतात. जिप्सम नावाचा एक मऊ दगड असतो. आपल्या देशात तो राजस्थानात पुष्कळ निघतो. या दगडाच्या अंगात पाणी असते. तो सुमारे १५० अंशांपर्यंत तापवला की त्यातले बरेचसे पाणी उडून जाते आणि पांढरी भुकटी उरते. पॅरिस शहराजवळ असा दगड फार निघे, म्हणून नाव पॅरिसचे. या भुकटीत पाणी घातले की ती गेलेले पाणी परत घेते आणि अर्ध्या तासाच्या आत पुन्हा दगड होते. रबराच्या साच्यात ओतायचे, थोडे थांबायचे आणि साचा सोलून काढायचा. मळणे नाही, तुडवणे नाही, पंधरा दिवस वाळवणे नाही. वजनाला हलके, तडा जात नाही, दूरच्या गावी नेताना फुटत नाही. हे सगळे गुण खरे आहेत, ते नाकारू नयेत. मोडलेले हाड जुळवायला डॉक्टर पट्टा घालतात तो याचाच. आणि गंमत पाहा, मातीच्या मूर्तीचा साचाही पुष्कळदा प्लास्टरचाच असतो. प्लास्टर मातीतले पाणी शोषून घेते, त्यामुळे माती साच्यातून चटकन सुटते. साचा म्हणून प्लास्टर चांगले. आमचे भांडण आहे ते त्याला पाण्यात सोडण्याशी.

कारण ते पाण्यात लवकर विरघळत नाही. एक लिटर पाण्यात जेमतेम दोन-अडीच ग्रॅम विरघळते. म्हणजे दोन किलोची मूर्ती विरघळवायला ८०० ते १००० लिटर पाणी हवे, तेही सारखे ढवळत. तळ्यात टाकलेली मूर्ती तळाशी पडून राहते, महिनोन् महिने. हात तुटलेला, रंग उडालेला देव उन्हाळ्यात पाणी आटले की उघडा पडतो. तिच्यावरचे रंग पाण्यात उतरतात. त्यांत शिसे वगैरे असले तर ते मासळीला आणि त्या पाण्यावर येणाऱ्या गुराढोरांना बाधते. मातीची मूर्ती काही तासांत, फार तर एका रात्रीत विरघळून गाळ होते.

म्हणून केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये सुधारित सूचना काढल्या आणि प्लास्टरच्या मूर्ती नकोत असे सांगितले. त्यावरून मूर्तिकारांतच दोन तट पडले. मातीवाले म्हणाले, बंदी पाळा, आमचे पोट यावर आहे. प्लास्टरवाले म्हणाले, आमचीही पोटेच आहेत. दोघांचेही खरे. प्लास्टर ओतणारा काही शेटजी नसतो, तोही बहुतेक कर्ज काढूनच सुगी करतो. हे भांडण कोर्टात गेले. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्लास्टरच्या मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण त्या नदी-तळ्यांसारख्या नैसर्गिक पाण्यात सोडायला कोर्टाच्या परवानगीशिवाय मनाई ठेवली. पुढे मोठ्या मूर्तींच्या बाबतीत आणखी हुकूम झाले. सणाच्या आधी त्या त्या वर्षीचा नियम ग्रामपंचायतीत नाही तर नगरपालिकेत विचारून घ्यावा, हे बरे.

आता पैशाचे पाहू. पाटीपेन्सिल घ्या. खालचे आकडे आम्ही समजण्यापुरते धरले आहेत, हा बाजारभाव नव्हे.

समजा, एका मातीच्या भुलाबाईला माती मळण्यापासून डोळे काढण्यापर्यंत सगळ्यांचे मिळून चार तास लागले. तासाला ५० रुपये धरले तर मजुरी २०० रुपये. माती, कापूस, खडू, रंग यांचे ४० रुपये. झाले २४०. पण दहा मूर्तींत एक तरी तडकते, नाही तर नेताना फुटते. दहांचा खर्च २४००, विकायला उरल्या नऊ. म्हणजे एक पडली सुमारे २६७ रुपयांना. अजून दुकानाची जागा नाही, टेम्पोचे भाडे नाही, सावकाराचे व्याज नाही.

समजा, प्लास्टरची भुलाबाई. साचा २००० रुपयांचा, त्यातून शंभर मूर्ती निघाल्या, म्हणजे एकीमागे २० रुपये. प्लास्टर ३० रुपयांचे. मजुरी अर्ध्या तासाची २५ रुपये. रंग २५ रुपयांचा. झाले १०० रुपये.

आता बाजारात चला. बाई विचारते, "मावशी, ही केवढ्याला?"

"तीनशेला, माय."

"अव्वा! मातीच्या बाहुलीचे तीनशे? तो पलीकडचा तर दीडशेला देऊन राहिला."

"त्याची पलास्तरची हाय, माय. ही मातीची हाय."

"मातीच तं हाय!"

पुढे काय होते ते तुम्हाला ठाऊकच आहे. मावशी अडीचशेवर येते, दोनशेवर येते. संध्याकाळ झाली, पुनव उद्यावर आली, की मिळेल त्या भावाला देते. कारण उद्यानंतर या मालाला गिऱ्हाईक नाही. कापूस भाव मिळेपर्यंत घरात ठेवता येतो. भुलाबाई ठेवता येत नाही. पुढल्या वर्षापर्यंत ती उंदरांनी कुरतडलेली असते नाही तर रंगाने विटलेली असते. वरच्या हिशेबात दोनशेला दिलेली भुलाबाई म्हणजे मावशीने पदरचे ६७ रुपये घालून दिलेली. कुणाचे? तर घरातल्या ज्या पोरीने रात्री दोनपर्यंत काठ रंगवले तिचे. अशा धंद्यात पुढची पोरे उतरायला नाखूश असतात, यात नवल काय!

मग गिऱ्हाइकाने करायचे काय? भाव करू नये, असे आम्ही म्हणत नाही. भाव सगळेच करतात. पण मातीची म्हणून पैसे मोजायचे तर ती मातीचीच आहे हे तरी पाहून घ्यावे. प्लास्टरची मूर्ती मातीची म्हणून विकणारेही असतात. मूर्ती उचलून तिचे बूड पाहा. बुडाला रंग नसतो. नखाने ओरखडा काढा. पांढरी भुकटी आली तर प्लास्टर, मातकट आली तर माती. कुणी बूडही मातकट रंगवून ठेवतो. म्हणून ओल्या बोटाने घासा. माती मऊ पडून बोटाला चिखल लागतो, प्लास्टर कोरडेठाक राहते. अंगावर डोक्यापासून पाटापर्यंत साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते का, तेही पाहा. आणि ओळीने मांडलेल्या दहाही भुलाबाया थेट एकसारख्या असतील, निरीचा एक दुमडासुद्धा इकडचा तिकडे नसेल, तर समजा की त्या ओतलेल्या आहेत.

ज्यांना शहर दूर आहे, त्यांनी घरीच एक करून पाहायला काय हरकत आहे? आषाढात सुरुवात करा, म्हणजे वाळायला वेळ मिळेल. तळ्याकाठची चिकण माती चार भाग, चाळलेली बारीक रेती एक भाग, मूठभर पिंजलेला कापूस. वर सांगितल्याप्रमाणे दोन दिवस भिजवा, मळा, वळीची कसोटी घ्या. उंची वीतभराहून जास्त नको. बाईचे आणि बुवाचे अंग एकमेकांना टेकलेले ठेवा, म्हणजे हात अधांतरी राहत नाहीत आणि मोडत नाहीत. अर्धी ओली असताना बूड कोरून पोकळ करा. ओले फडके टाकून सावलीत ठेवा, दोन दिवसांनी फडके काढा. बारीक भेग दिसली तर घाबरू नका. पातळ माती आणि कापूस बोटाने भरा. मोठी भेग पडली तर मोडून पुन्हा भिजत घाला. कच्च्या मातीत एवढी सोय आहे. पहिली भुलाबाई थोडी सासूसारखी दिसेल. पोरींना त्याचे काही नसते, त्या तिच्यापुढेही तितक्याच जोरात गाणी म्हणतात.

कोजागरी झाली की एका बादलीत पाणी घ्या आणि भुलाबाई तिच्यात अलगद ठेवा. सकाळपर्यंत ती खाली बसेल. वरचे रंगाचे पाणी विहिरीपासून दूर ओता. खालची माती गोळा करून सावलीत वाळवा आणि पोत्यात भरून ठेवा. पुढल्या आषाढात तीच भिजवता येते. मात्र हात घालण्याआधी नथीची आणि तुऱ्याची तार शोधून काढा. ती बोटात जाते.